शीळ घालणारा कस्तूर

सह्याद्रीच्या रानांतील पक्षी ओळखावयाचे तर पावसाळ्यांत डोळ्यांपेक्षां कानांवर अधिक भिस्त ठेवावी लागते. महाबळेश्वर, माथेरान किंवा आंबोली येथें पहांटे धुकें इतकें दाट असतें कीं जवळचें झाडही धड दिसत नाहीं. अशा वेळीं ओढ्याच्या बाजूनें कोणी मुलगा शीळ घालीत चालला आहे असा भास होतो. हा मुलगा म्हणजे मलबारी शीळकरी कस्तूर. इंग्रजींत त्याला ‘शीळ घालणारा शाळकरी’ म्हणतात, तें याच भासामुळें.

हें गाणें ओळखावें कसें? दयाळाच्या ताना आंखूड व रेखीव असतात. श्यामा इतर पक्ष्यांच्या नकला आपल्या गाण्यांत गुंफतो. कस्तुराची शीळ मात्र माणसाच्या शिळेसारखी गोल व संथ असते. स्वर वर चढतात, मध्येंच खालीं उतरतात. चाल नीट न आठवणाऱ्या माणसानें गुणगुणावें तशी ती भटकत राहते. तिला ठराविक मुखडा नाहीं कीं सम नाहीं.

दुसरी खूण जागेची. हा पक्षी धबधबे व खडकाळ ओढे यांच्या सान्निध्यांत राहतो. खेकडे, गोगलगायी, किडे व फळें हें त्याचें खाद्य, आणि पाण्याकांठच्या कपारींत त्याचें घरटें. त्याच रानांतील पिंवळ्या चोचीचा दुसरा कस्तूर बहुधा झाडाच्या शेंड्यावरून गातो. शीळकरी घाबरला कीं गाणें सोडून एक लांब, तीक्ष्ण किंकाळी फोडतो. तीही लक्षांत ठेवण्याजोगी आहे.

उजाडल्यावर कानाची साक्ष डोळ्यानें पडताळून पाहावी. सुमारें २५ सेंटिमीटर लांबीचा, काळसर निळा पक्षी. कपाळावर व खांद्यावर चकचकीत निळे पट्टे. नांव कस्तूर असलें तरी नव्या आनुवंशिक अभ्यासानुसार त्याची गणना माशीमारांच्या कुळांत होते.

एक पथ्य मात्र पाळलें पाहिजे. त्याला जवळ बोलावण्यासाठीं ध्वनिमुद्रित शीळ वाजविण्याची संवय अलीकडे वाढली आहे. पावसाळा हा त्याच्या विणीचा काळ. ती शीळ ऐकून कोणी प्रतिस्पर्धी आपल्या हद्दींत शिरला असें त्याला वाटतें, आणि पिलांच्या संगोपनाचा वेळ तो त्याला हुसकावण्यांत घालवितो. ज्याला हें गाणें खरोखर ओळखावयाचें आहे त्यानें ओढ्यापासून थोडें दूर, स्तब्ध बसावें. एवढ्यानें काम भागतें.