भरतीच्या वेळी रोहित कुठं जातात?

ठाणे खाडीतले रोहित, म्हणजे फ्लेमिंगो, गोवंडी, चीता कॅम्पच्या आपल्या मुलांनाही ठाऊक आहेत. २०१५ साली खाडीचा सुमारे १६९० हेक्टर भाग अभयारण्य झाला. २०२२ मध्ये पाणथळ जागांच्या रामसर यादीतही आला.

त्यांचा गुलाबी रंग येतो खाण्यातून, चिखलातल्या शेवाळातून. ओहोटीला चिखल उघडा पडला की रोहित वाकडी चोच उलटी करून शेवाळ गाळून खातात. तिथंच निवटी मासे उड्या मारतात, तिवरांच्या आडोशाला सोनेरी कोल्हाही राहतो. हो, मुंबईत कोल्हा!

भरतीत हा चिखल बुडतो. मग बरेच पक्षी नेरुळ-सीवूड्सच्या तळ्यांवर थांबतात, पाणी उतरलं की परततात. ही तळी मात्र अभयारण्याच्या हद्दीबाहेर. खाडीचं पाणी आत यायची वाट भरावाने बुजली की तळं सुकतं, आणि पक्ष्यांना टेकायला जागा उरत नाही. म्हणून नुसत्या अभयारण्याच्या पाटीवर आम्ही समाधानी नाही.

पक्षी साधारण नोव्हेंबर ते मे असतात. ऐरोलीच्या वनविभागाच्या केंद्रातून बोट सुटते, पण भरतीच्या वेळेनुसार. तेव्हा मुलांना नेण्याआधी वेळ विचारून घ्या.