घाटावरचा आणि घाटाखालचा बुलढाणा

बुलढाण्याहून मलकापूरकडे निघालं की राजूर घाटात हवा बदलते. मे महिन्यात एसटीच्या खिडकीतून येणारा वारा वळणागणिक तापत जातो आणि मोताळ्याच्या सपाटीवर उतरेपर्यंत अंगाला झळा लागतात. अजिंठ्याच्या डोंगररांगेने या जिल्ह्याचे सरळ दोन भाग केले आहेत. बुलढाणा, चिखली, देऊळगाव राजा, सिंदखेड राजा, लोणार आणि मेहकर हे तालुके घाटावर. मलकापूर, मोताळा, नांदुरा, खामगाव, शेगाव, जळगाव जामोद आणि संग्रामपूर घाटाखाली. मुंबई-हावडा रेल्वेमार्ग खालून गेला. खामगाव-जालना मार्गाची शंभर वर्षांहून जुनी मागणी मात्र घाटावरचे लोक अजून करतच आहेत.

पाण्याच्या वाटाही इथेच फुटतात. बुलढाण्याजवळच्या डोंगरात उगम पावणारी पैनगंगा पूर्वेला वळते आणि वर्धा, प्राणहिता, गोदावरी असं करत तिचं पाणी बंगालच्या उपसागराला मिळतं. त्याच रांगेच्या उत्तर अंगाने उतरणाऱ्या नळगंगा, विश्वगंगा, ज्ञानगंगा पूर्णेत जातात. पूर्णा तापीत आणि तापी अरबी समुद्रात.

दक्षिण अमेरिकेतला उरुग्वे शेजारी ठेवला की आपला जिल्हा जास्त स्पष्ट दिसतो. त्या देशाचं क्षेत्रफळ सुमारे 1 लाख 76 हजार चौरस किलोमीटर, लोकसंख्या 35 लाखांच्या आसपास. बुलढाण्याचं क्षेत्रफळ 9,661 चौरस किलोमीटर आणि 2011 च्या जनगणनेत माणसं 25 लाख 86 हजार. म्हणजे तिथे चौरस किलोमीटरला वीसेक माणसं, इथे 268. उरुग्वेचं सर्वांत उंच शिखर जेमतेम 514 मीटरचं. बुलढाणा शहर त्याहून उंचावर वसलं आहे. तिथली नव्वद टक्क्यांहून अधिक वस्ती शहरी, इथे पाचातले चौघे खेड्यात. सगळ्यात मोठा फरक पावसाचा. उरुग्वेत तो बाराही महिने थोडाथोडा पडतो. आपल्याकडे जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत जे पडेल त्यावर वर्ष काढायचं असतं. पुरेसा ओलावा नसताना पेरलं तर दुबार पेरणी, आणि सोयाबीन सोंगायच्या वेळी पाऊस आला तर शेंगा शेतातच काळ्या पडतात.

तोच पाऊस घाटावर आणि घाटाखाली वेगळा वागतो. घाटावर ठिकठिकाणी हलकी, मुरमाड जमीन आहे. पाणी झरझर निघून जातं आणि दोन आठवड्यांचा खंड पडला की पीक माना टाकतं. घाटाखाली पूर्णेच्या खोऱ्यात गाळाची खोल, चिकण काळी माती आहे. ती ओल धरून ठेवते, म्हणून कपाशी आणि कोरडवाहू हरभरा तिथे साधतो. पण या मातीतून पाण्याचा निचरा होत नाही. क्षार धुऊन न जाता साठतात. हाच खारपाणपट्टा. विहीर खोदली की पाणी लागतं, पण ते ना पिण्याच्या उपयोगाचं ना पिकाच्या. तेच पाणी शेताला देत राहिलं तर जमीन चोपण होते: वर पांढरट थर, खाली दगडासारखं ढेकूळ. संग्रामपूर, जळगाव जामोद भागात मूत्रपिंडाच्या आजाराने कितीतरी घरं खचली आहेत. तिथल्या 140 गावांसाठी वान धरणाच्या पाण्याची योजना करावी लागली.

म्हणून जिल्ह्याच्या सरासरी पावसाचा आकडा मला फार अपुरा वाटतो. घाटावर अडचण पाणी टिकवण्याची आहे. तिथे बांधबंदिस्ती, शेततळी आणि नाला खोलीकरण हवं. खारपाणपट्ट्यात पावसाचं गोडं पाणी साठवायला हवंच, पण त्याबरोबर निचऱ्यासाठी चरही खणायला हवेत. नांदुरा तालुक्यात पूर्णेवर जिगाव प्रकल्पाचं काम वर्षानुवर्षं चाललं आहे. त्याचं पाणी या मातीत येईल तेव्हा निचऱ्याची सोय आधी झालेली असली पाहिजे. नाहीतर ओलिताबरोबर क्षारही वर येतील आणि आज कोरडवाहू का होईना, पिकणारी जमीन हातची जाईल.