भरलेले यंत्र मेलेले नसते



२०१९ साली सांगलीत कृष्णेचे पाणी शिरले, तेव्हा आमच्या युनियनच्या कचेरीतील हजेरीपुस्तके आणि पगारपत्रके भिजली. जी वाचली ती वाळवून आम्ही पानोपानी छायाचित्रे घेतली व संगणकात ठेवली. ग्रॅच्युइटीच्या नियमाने नोकरीच्या प्रत्येक पूर्ण वर्षामागे पंधरा दिवसांचे वेतन मिळते. म्हणजे एक वर्ष सिद्ध करणारे पान ही कामगाराची पंधरा दिवसांची भाकरी होय.

पुढे एका सकाळी संगणक आत घेईना. परवलीचा शब्द मान्य करी, पडदा क्षणभर काळा होई आणि पुन्हा तोच दरवाजा समोर येई. दुरुस्तीला आलेले गृहस्थ म्हणाले, "सगळे पुसून नवे टाकावे लागेल." माझे शिक्षण सातवीपर्यंतचे, पण पुसायचे म्हटल्यावर मी दचकलो. आदल्या दिवशी 'डिस्कवर जागा नाही' अशी सूचना आली होती, ती आम्ही बाजूला सारली होती. मी विचारले, "यंत्र बिघडले आहे, की नुसते भरले आहे?"

हा फरक नीट समजून घेतला पाहिजे. संगणक सुरू होताना केवळ वाचीत नाही, लिहितोही. कोण आले, केव्हा आले, याची नोंद करतो. कामापुरते तात्पुरते कागद तयार करतो. हजेरीपुस्तकात एक ओळही उरली नाही आणि मुकादम नोंदीवाचून कुणाला आत सोडीना, तर धडधाकट पाळी फाटकाबाहेर उभी राहील. तसेच हे आहे. हरिपूरला हळद जमिनीखालच्या पेवांत साठवीत. पेव तोंडापर्यंत भरले म्हणून आतली हळद नासत नसे.

मग करावे काय? पहिली गोष्ट, पुसू नये. वाचायला मोकळी जागा लागत नाही. म्हणून पेनड्राइव्हवरील लिनक्सने संगणक सुरू करावा, आतील कागद बाहेरच्या डिस्कवर उतरवावेत आणि चार-दोन उघडून पाहावेत.

दुसरी गोष्ट, जागा कोणी खाल्ली ते शोधावे. आमच्या यंत्रावर लिनक्सच होते. त्यात कंट्रोल, आल्ट आणि एफ-३ या कळा एकत्र दाबल्या, की चित्रांवाचून नुसत्या अक्षरांचा दरवाजा उघडतो. तेथे 'डीएफ' ही आज्ञा कोणता भाग किती भरला ते सांगते. 'डीयू' कोणत्या कप्प्याचे वजन किती ते सांगते. गंमत अशी, की लिनक्सच्या नेहमीच्या मांडणीत सुमारे पाच टक्के जागा मुख्य अधिकाऱ्यासाठी राखीव असते. सामान्य वापरणाऱ्याचे काम अडते, त्याचे चालते! येथे मात्र ती राखीव जागा आपल्याच कामी येते. विंडोजच्या यंत्रात याच कामासाठी 'सेफ मोड' आहे.

तिसरी गोष्ट, जे पुन्हा मिळू शकते तेवढेच काढावे: उतरवून घेतलेले जुने कार्यक्रम, जुन्या नोंदी, कचरापेटी. कचरापेटीत टाकलेली वस्तू पेटी रिकामी करीपर्यंत जागा अडवतेच, हे पुष्कळजण विसरतात. ज्या कप्प्याचा अर्थ कळत नाही, त्याला हात लावू नये.

आमच्याकडे चोर घरातलाच निघाला. रोजची 'सुरक्षित प्रत' आम्ही त्याच डिस्कवर काढीत होतो; पुराच्या घरातले कागद त्याच घराच्या दुसऱ्या कपाटात ठेवावेत, तसे! त्या जुन्या प्रती काढल्या आणि यंत्र सुरू झाले. एकही पान गेले नाही.

आता एक प्रत साताऱ्याच्या सहकाऱ्यांकडे असते, आणि डिस्कचा पाचवा हिस्सा आम्ही मोकळा ठेवतो. तात्पर्य एवढेच: "पुसून टाका" असे कोणी म्हणाले, तर आधी विचारा, बिघडले आहे की भरले आहे? त्या प्रश्नाला तज्ज्ञ असावे लागत नाही.