तनछोईचे कूळ

पंचगंगा घाटाच्या ज्या पायऱ्यांवर पहाटेच्या काळोखात स्वामी रामानंदांचा पाय विणकर कबीराच्या अंगास लागला अशी आख्यायिका आहे, तेथून पीलीकोठी आणि अलईपुऱ्याचे विणकरांचे मोहल्ले फारसे दूर नसल्यामुळे, काशीच्या मागावरून उतरणारे प्रत्येक वस्त्र कबीराच्याच काळापासून चालत आले असावे, अशी समजूत यात्रेकरू सहज करून घेतो. लग्नासाठी बनारसी शालूचा आग्रह धरणाऱ्या आपल्याकडील घरांतही ती दृढ आहे. किनखापापुरती ती क्षम्य म्हणता येईल. तनछोई या बनारसी रेशमी वस्त्रास मात्र ती मुळीच लागू पडत नाही.

तनछोईचे कूळ चिनी. एकोणिसाव्या शतकात मुंबई-सुरतेचे पारशी व्यापारी कापूस व अफू घेऊन चीनला जात आणि परतताना रेशीम आणीत. त्या व्यवहाराच्या ओघात हे विणकाम प्रथम सुरतेत रुजले, कालांतराने तेथे मावळले, आणि बनारसच्या कारागिरांनी ते आपलेसे केले. सर जमशेटजी जीजीभाईंनी तीन विणकर छोई नामक चिनी उस्तादाकडे धाडले, ही कथा मोठी गोड आहे. पण तिला दप्तरातील दाखला समजू नये.

बनारसी म्हटले की जर आलीच, हाही एक भ्रम. पारंपरिक तनछोईत जर नसते. सॅटिनच्या गुळगुळीत पोतावर निरनिराळ्या रंगांचे रेशमी बाणे नक्षी उठवतात, आणि ज्या रंगाचे त्या जागी काम नसते तो धागा पाठीमागे लोंबत न ठेवता विणीतच मुरवला जातो, त्यामुळे वस्त्राची पाठही नीटस राहते. (पदर उलटून पाहणारे गिऱ्हाईक दुकानदारास आवडत नाही; तरी पाहावे.) पारशी गाऱ्याशीही तिची गल्लत होते; परंतु गाऱ्यावर सुईचे भरतकाम असते, येथे नक्षी मागावरच उमटते.

ही निव्वळ चिनी नक्कल, असे नाक मुरडून म्हणणाऱ्यांनी तिच्यावरील कोयऱ्या आणि बुट्ट्या पाहाव्यात. विणण्याची रीत परक्याकडून घेतली, तरी नक्षी बांधणाऱ्या बनारसी कारागिराने हात आपलाच चालवला आहे.

बनारसी किनखाप व साड्यांना २००९ साली भौगोलिक निर्देशनाची नोंद मिळाली, म्हणून बाजारातील प्रत्येक ‘बनारसी’ हातमागाची असते, असेही नव्हे. ज्या सुरतेतून तनछोई काशीस आली, त्याच सुरतेच्या यंत्रमागांवरील स्वस्त बनावट ‘बनारसी’ आज काशीच्या पेठेत राजरोस विकली जाते.