मुरूड : किल्ला पाहू या, दर्याही ओळखू या

शाळेची सहल ठरवायला आम्ही शिक्षक बसलो की रायगड जिल्ह्यातल्या मुरूडचे नाव हमखास निघते. मुंबई-पुण्याच्या पाहुण्यांना मुरूड म्हणजे लांबलचक किनारा आणि जंजिरा किल्ला. पण हे गाव मूळचे दर्यावर जगणाऱ्यांचे, हे मुलांना सांगायचे राहून जाते.

जंजिऱ्याची हकीकतही मच्छीमारांपासूनच सुरू होते. 'जंजिरा' हा शब्द अरबी 'जझीरा', म्हणजे बेट, यावरून आला. दगडी तटाच्या आधी राम पाटील या कोळी प्रमुखाने चाच्यांपासून बचावासाठी इथे लाकडी मेढेकोट उभारला होता, असे सांगतात. पुढे बेट निजामशाहीकडे गेले. मग आफ्रिकी वंशाच्या सिद्दींनी ते १९४८ साली संस्थान विलीन होईपर्यंत राखले. शिवाजी महाराजांनी जवळच पद्मदुर्ग बांधला, तरी जंजिरा पडला नाही.

आज राजपुरीच्या धक्क्यावरून शिडाच्या होड्या पर्यटकांना किल्ल्यावर नेतात. घरांतल्या खोल्या पाहुण्यांसाठी सजल्या आहेत. एकदऱ्याच्या खाडीत मात्र अजून मासेमारीच्या नौका नांगरलेल्या असतात. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते. पावसाळ्यात किल्ल्याच्या होड्याही थांबतात. पाहुण्याला ही गैरसोय वाटते, मच्छीमाराला ती दर्याची शिस्त वाटते.

ही जाण पाहुण्यांपर्यंत पोचत नाही, याची आम्हाला काळजी वाटते. फेब्रुवारी २०१६ मध्ये पुण्याहून सहलीला आलेले दहाहून अधिक विद्यार्थी याच किनाऱ्यावर बुडाले. त्यांच्या घरांतले दुःख आपण सगळ्यांनी ओळखावे असे आहे.

आपल्या घरांत चांदाची तारीख ठाऊक असते. तिचा इथे उपयोग होतो. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास, म्हणजे हिजरी महिन्याच्या सुरुवातीला आणि चौदा-पंधरा तारखेला, उधाण असते. भरती उंच चढते, ओहोटी दूरवर ओसरते. सात-आठ आणि बावीस तारखेच्या सुमारास भांग असते, तेव्हा पाण्याचा चढउतार कमी. तरी भांगाच्या दिवशीही दर्याला गृहीत धरू नये. पाण्यात उतरण्याआधी गावातल्या मच्छीमाराला विचारावे. तो नको म्हणाला, तर मुलांना वाळूतच खेळू द्यावे.

यंदा सहलीच्या वहीत किल्ल्याच्या बुरुजांबरोबर त्या दिवसाच्या भरती-ओहोटीच्या वेळाही मुलांकडून लिहून घेऊ या. त्या सांगणारा होडीवाला हाही मुरूडच्या इतिहासाचाच वारस आहे.