प्रकाशाचे टोक आणि पाण्याची धार

बीड जिल्ह्याच्या अगदी पश्चिम कडेला, आष्टी तालुक्यात, नगरच्या वाटेवर वसलेले कडा हे बाजारपेठेचे गाव ज्या मुलखात आहे, तो मुलूख सप्टेंबर 1948 पर्यंत निजामाच्या अंमलाखाली होता, आणि पर्जन्यछायेच्या अंमलाखाली तो आजही आहे. म्हणूनच दिवाळी सरली की येथील हजारो कुटुंबे मुकादमाकडून उचल घेऊन, बैलगाडी वा ट्रॅक्टरवर संसार लादून, साखर कारखान्यांच्या फडांकडे निघतात आणि उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत परतत नाहीत. दिवसभर उन्हात कोयता चालवणाऱ्या माणसाच्या अंगातील पाणी घामावाटे निघून जाते, प्यायला पुरेसे मिळत नाही, मूत्र दाट होते, आणि त्यात विरघळलेले कॅल्शियम ऑक्सलेटासारखे क्षार स्फटिकरूपाने एकत्र येऊन मूतखडा धरतो. या विकाराला शहरही अपवाद नाही. परंतु जेथे पाणी कमी आणि श्रम अधिक, तेथे त्याला अनुकूल भूमी मिळते, हे सांगायला कोणत्याही दप्तराचा दाखला नको. 23 सप्टेंबर 2022 रोजी नगर ते आष्टी हा 66 किलोमीटरचा लोहमार्ग सुरू झाला आणि कड्याला रेल्वे स्थानक लाभले. तेव्हापासून उपचारासाठी नगरला जाण्याचा आणखी एक मार्ग खुला झाला आहे. तेथे किंवा पुण्याला गेलेल्या रुग्णाला ‘दुर्बिणीतून लेझरने खडा फोडू’ असे सांगितले जाते, तेव्हा त्याच्या मनात लेझर म्हणजे एक तेजस्वी, अचूक आणि जवळजवळ निरुपद्रवी किरण असतो. किरणाच्या तेजाविषयी त्याची कल्पना बरोबर आहे; निरुपद्रवीपणा मात्र किरणाचा गुण नसून, किरण ज्या काचतंतूच्या टोकातून बाहेर पडतो त्या टोकाभोवती वाहणाऱ्या पाण्याचा आहे, आणि प्रस्तुत लेखाचा विषय तोच आहे.

थिओडोर मेमन यांनी 16 मे 1960 रोजी माणकाच्या स्फटिकातून पहिला लेझर किरण काढला, आणि वैद्यकाने तो इतक्या त्वरेने उचलला की पुढच्याच वर्षी नेत्रपटलावर त्याचा उपयोग झाला. या इतिहासात महाराष्ट्राला अभिमान वाटावा असे एक नाव आहे. चंद्रकुमार नारणभाई पटेल यांचा जन्म 2 जुलै 1938 रोजी बारामतीत झाला, पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातून ते 1958 साली पदवीधर झाले, आणि अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत असताना त्यांनी कार्बन डायऑक्साइड वायूवर चालणारा लेझर सिद्ध केला. शल्यचिकित्सकाच्या हाती आलेले हे एक अत्यंत समर्थ प्रकाशशस्त्र होय. पुढे डॉ. दिलीप भवाळकर ज्याचे संस्थापक संचालक होते, त्या इंदूरच्या प्रगत तंत्रज्ञान केंद्रात या जातीची शल्ययंत्रे भारतातही तयार झाली. परंतु पटेलांच्या लेझरची तरंगलांबी 10.6 मायक्रोमीटर, आणि सिलिकेची शुद्धातली शुद्ध काचही हा प्रकाश स्वतःच गिळून टाकते. त्यामुळे तो तंतूतून नेता येत नाही, आरशांच्या सांधेदार बाहूतून न्यावा लागतो. घसा, त्वचा, उघडी जखम येथपर्यंत असा बाहू पोहोचतो. मूत्रपिंडाच्या वळणदार वाटेत त्याला प्रवेश नाही.

म्हणून शरीराच्या आत जाण्यासाठी अशा प्रकाशाची निवड करावी लागली की ज्याला काच पारदर्शक असेल पण शरीरातील ऊती वा पाणी नसेल. निओडिमियम-याग लेझर 1064 नॅनोमीटरचा. तो तंतूतून सहज जातो आणि 1970 नंतरच्या दशकात पोटातील रक्तस्राव दुर्बिणीतून थांबवण्यासाठी वापरला गेला. मूतखड्यासाठी मात्र खरे राज्य आले ते होल्मियमचे. त्याचा 2.1 मायक्रोमीटरचा किरण सिलिकेच्या पारदर्शकतेच्या जवळजवळ सीमेवर उभा आहे आणि पाण्यात अर्ध्या मिलिमीटरच्या आतच शोषला जातो. तंतूचा काचेचा गाभा साधारणपणे 200 ते 365 मायक्रोमीटर व्यासाचा. त्याच्या टोकापाशी प्रत्येक स्पंदागणिक पाण्याची वाफ होऊन एक सूक्ष्म बुडबुडा उमलतो, त्या बुडबुड्यातून किरण खड्यापर्यंत पोहोचतो, आणि खडा तापून, विघटित होऊन, फुटतो. अलीकडे आलेला थुलियम फायबर लेझर 1.94 मायक्रोमीटरचा, पाणी त्याला होल्मियमपेक्षाही अधिक आवेगाने शोषते.

येथपर्यंतची कथा उत्साहाची आहे. परंतु ऊर्जा नष्ट होत नाही हा पदार्थविज्ञानाचा कायदा शस्त्रक्रियागृहातही लागू असतो. खडा फोडण्यात खर्ची पडलेली असो वा वाया गेलेली असो, टोकातून निघालेली जवळजवळ सर्व ऊर्जा शेवटी भोवतालच्या पाण्यात उष्णता होऊन साठते. हिशेब साधा आहे, आणि अमोलक जैन विद्या प्रसारक मंडळाच्या कड्यातील महाविद्यालयाचा विज्ञानशाखेचा विद्यार्थीही तो फळ्यावर मांडू शकेल. मूत्रपिंडाच्या पोकळीत दहा मिलिलिटर पाणी स्तब्ध आहे असे धरा आणि त्यात वीस वॉटचा लेझर एक मिनिट चालवा. 1200 ज्यूल ऊर्जा त्या पाण्याचे तापमान सुमारे 29 अंशांनी वाढवते, म्हणजे शरीराच्या 37 अंशांवरून 66 अंशांवर नेते. त्याच पोकळीतून दर मिनिटाला वीस मिलिलिटर सलाईन वाहते ठेवले, तर वाढ सुमारे 14 अंशांवर स्थिरावते, आणि आत येणारे पाणी 25 अंशांचे असेल तर पोकळीतले पाणी 39 अंशांच्या आसपास राहते. धार निम्मी केली की तेच पाणी 54 अंशांवर जाते. रक्तप्रवाहही काही उष्णता वाहून नेतो, म्हणून प्रत्यक्षातील आकडे काहीसे सौम्य असतात. पण त्या सौम्यतेवर विसंबून कोणी धार बंद ठेवू नये.

कारण ऊतींची सहनशक्ती फार ताठर नियमाने चालते. उष्णतेच्या मात्रेचा जो मापदंड संशोधकांनी मुकरर केला आहे, त्यानुसार 43 अंशांच्या वर प्रत्येक अंशागणिक हानीला लागणारा अवधी निम्मा होतो: 43 अंशांवर जी इजा व्हायला दोन तास लागतात, ती 44 वर एका तासात होते, 46 वर पाव तासात, आणि 50 वर एका मिनिटाच्या आत. वरच्या हिशेबातील 39 आणि 54 यांच्यामध्ये म्हणूनच निर्धास्तपणा आणि मूत्रपिंडाची कायमची इजा एवढे अंतर आहे.

टोक थंड राखण्याचे दुसरे कारण स्वतः टोकाशी निगडित आहे. खड्याचे कण आणि स्पंदांचे आघात यांनी काच झिजते, टोक खरबरीत होते, किरण विखुरतो. टोकाला ऊतीचा अंश चिकटून तो करपला तर परिणाम याहून वाईट. कारण कोळशाचा थर सगळा प्रकाश स्वतःच शोषतो, तंतूचे टोक शेकडो अंशांपर्यंत तापते, आणि ज्याला आपण प्रकाशाने उपचार म्हणत होतो तो केवळ तापलेल्या काडीचा चटका उरतो. मेंदूतील गाठ अथवा अपस्माराचे केंद्र लेझरच्या उष्णतेने नष्ट करण्याच्या पद्धतीत हे फार स्पष्ट दिसते. तेथील एका यंत्रात, ज्याला अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने 2007 साली मान्यता दिली, तंतूभोवती दीड-दोन मिलिमीटर व्यासाची नळी असते आणि त्या नळीतून सलाईन सतत फिरत राहते. टोक थंड राहिल्याने जवळची ऊती करपत नाही, आणि न करपल्याने प्रकाश अधिक खोल जातो. थंड करण्याने उपचाराची शक्ती कमी होत नाही, उलट वाढते, ही गोष्ट मला या साऱ्या विषयातली सर्वांत विलक्षण वाटते.

आता एक दुःखद प्रकरण सांगणे प्राप्त आहे. 1980 नंतरच्या दशकात निओडिमियम लेझरच्या तंतूला कृत्रिम नीलमण्याचे टोक बसवण्याची रीत आली. हे टोक ऊतीला प्रत्यक्ष टेकवायचे, म्हणून ते अतिशय तापे. ते थंड ठेवण्यासाठी तंतूभोवतीच्या आवरणातून हवा अथवा अन्य वायू सोडण्याची तजवीज होती. उघड्या जखमेत हे चालून गेले. गर्भाशयाच्या बंद पोकळीत, जेथे रक्तवाहिन्या उघड्या पडलेल्या असतात, तोच वायू दाबाने रक्तात शिरला, हृदयापर्यंत गेला, आणि रुग्ण स्त्रिया दगावल्या. बॅगिश आणि डॅनियल या शल्यतज्ज्ञांनी 1989 साली अमेरिकेतील स्त्रीरोगविषयक नियतकालिकात हे मृत्यू उघडपणे नोंदवले आणि गर्भाशयात वायूने थंड केलेली टोके वापरू नयेत हे वैद्यकाच्या पदरी पडले. लेझरने त्या स्त्रियांचा घात केला नव्हता. घात केला तो टोक थंड करण्याच्या चुकीच्या माध्यमाने.

बीड जिल्ह्याच्या वाचकापुढे हे प्रकरण ठेवताना मन जड होते. अतिरिक्त रक्तस्रावावर गर्भाशय न काढता, त्याचे केवळ अस्तर लेझरने जाळून उपाय करता येतो, हे मिल्टन गोल्डरॅथ यांनी 1981 मध्येच दाखवून दिले होते. आणि आमच्याकडे 2019 साली डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीपुढे आलेल्या पाहणीत 82,309 ऊसतोड स्त्रियांपैकी 13,861 जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. प्रत्येक शस्त्रक्रिया अनावश्यक होती असे म्हणता येणार नाही. परंतु अवयव राखणारी साधने जगात असूनही ती या स्त्रियांपर्यंत पोहोचली नाहीत, हे अन्याय्य आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

मूत्रपिंडाकडे पुन्हा वळायचे तर तेथे पाणीही निरंकुश सोडून चालत नाही. दुर्बिणीतील वाट जेमतेम 1.2 मिलिमीटर व्यासाची. तीतूनच तंतू जायचा आणि तीतूनच सलाईन. ठिबकाच्या नळीत काडी अडकावी तसा जाड तंतू धार रोखतो, म्हणून अनुभवी शल्यचिकित्सक शक्यतो बारीक तंतू निवडतात. धार जोराने दाबली तर मूत्रपिंडातला दाब वाढतो, संसर्गित मूत्रातील जंतू रक्तात ढकलले जातात, आणि खड्यातून सुटलेला रुग्ण जंतुदोषाने अत्यवस्थ होतो. पाणी आत जितके जाते तितके बाहेर यायला वाट हवी. त्यासाठी मूत्रनलिकेत एक पोकळ आवरण बसवतात. काही ठिकाणी सलाईन गार करून सोडतात. शंभर वॉटहून अधिक क्षमतेची यंत्रे आज उपलब्ध आहेत, आणि क्षमतेच्या आकड्याचीच जाहिरात अधिक होते. परंतु मूत्रपिंडाच्या इवल्या पोकळीत ती सगळी क्षमता वापरायची नसते, लेझर थांबवत थांबवत चालवायचा असतो, आणि पडद्यावर धूसर दिसू लागले की पायाखालचे बटण आधी सोडायचे असते.

म्हणून कड्याहून नगरला वा पुण्याला निघालेल्या रुग्णाच्या नातलगांना माझी विनंती आहे, की लेझर किती वॉटचा आहे हे विचारण्यापेक्षा सलाईनची धार कशी राखणार, पाणी बाहेर कसे येणार आणि शस्त्रक्रियेपूर्वी मूत्राची जंतुतपासणी झाली आहे काय, हे डॉक्टरसाहेबांना निःसंकोच विचारावे. चांगल्या डॉक्टराला या प्रश्नांचा राग येत नाही. आणि कारखान्यांच्या चालकांना व मुकादमांना विनंती अशी, की फडावर पिण्याच्या स्वच्छ पाण्याचा टँकर ही मेहेरबानी न समजता कराराचे कलम समजावे. खडा झालेल्या माणसाला रोज अडीच लिटर लघवी होईल एवढे पाणी प्यावे असे वैद्यकशास्त्र सांगते. उन्हात ऊस तोडणाऱ्याला त्यासाठी याहून पुष्कळ अधिक पाणी लागते, आणि ते त्याच्या हाताशी असले पाहिजे.