झाडाची पाटी, झाडाचा प्रवास : भारतातील वनस्पती उद्याने कशी पाहावीत

सार्वजनिक बाग आणि वनस्पती उद्यान हे दोन शब्द बोलण्यात एकमेकांच्या जागी वापरले जात असले, तरी त्यांच्यामागच्या हेतूंत मूलभूत अंतर आहे. बाग ही विसाव्यासाठी आणि डोळ्यांच्या सुखासाठी उभारली जाते. वनस्पती उद्यान हा मात्र वनस्पतींचा जिवंत संग्रह असतो. तेथील झाड कोठून आले, बी म्हणून आले की रोप म्हणून, कोणत्या वर्षी लावले गेले आणि ते कोणत्या कुळातले आहे, म्हणजे फुलाफळांच्या रचनेवरून कोणत्या वनस्पतींचे भाऊबंद ठरते, याची नोंद कार्यालयात ठेवलेली असते. या नोंदीचे पाहुण्यांसाठी केलेले छोटे रूप म्हणजे झाडाशेजारची पाटी. प्रवासात एखाद्या गावी गेल्यावर तेथील प्रसिद्ध उद्यान पाहण्याची प्रथा आपल्याकडे चांगली रुळली आहे. तथापि फुलांचे ताटवे आणि कारंजी पाहून परतणाऱ्या प्रवाशाने उद्यानाचा पृष्ठभागच पाहिलेला असतो. वनस्पती उद्यान ही पाहण्याइतकीच वाचण्याची जागा आहे आणि तिचे वाचन पाटीपासून सुरू होते.

या संस्थेचा उगम युरोपात वैद्यकाच्या अध्यापनात झाला. इटलीतील पादुआ विद्यापीठाने १५४५ मध्ये वैद्यकाच्या विद्यार्थ्यांना औषधी वनस्पती अचूक ओळखता याव्यात म्हणून एक उद्यान स्थापन केले. ते आजही मूळ जागी आहे आणि १५८५ मध्ये लावलेला एक ताडवर्गीय वृक्ष तेथे अद्याप जिवंत आहे. पुढे समुद्रमार्गे व्यापार वाढला, वसाहती झाल्या आणि उद्यानांचे प्रयोजनही पालटले. हिंदी महासागरातील मॉरिशस बेटावर, जेथे एकोणिसाव्या शतकापासून मराठी भाषकांची वस्ती आहे, फ्रेंच प्रशासक प्येर प्वाव्र यांनी पांपलमूस येथील उद्यानात जायफळ आणि लवंग रुजवण्याचा उद्योग आरंभला, कारण मसाल्यांवरील डच व्यापाऱ्यांची मक्तेदारी मोडणे हा त्यामागचा हेतू होता. याच बेटावर काम करणाऱ्या वेन्झेल बोयर या वनस्पतिशास्त्रज्ञाला १८२०च्या दशकात मादागास्करमध्ये एक लालभडक फुलांचा वृक्ष आढळला आणि मॉरिशसमार्गे तो उष्ण कटिबंधातील देशोदेशी पोहोचला. महाराष्ट्रातल्या वैशाखाची खूण मानला जाणारा गुलमोहोर तो हाच.

पाटी वाचण्याची रीत

पाटीवर सर्वप्रथम वनस्पतीचे लॅटिन वळणाचे द्विपद नाव असते. त्यातील पहिले पद प्रजातीचे, म्हणजे जवळच्या जातींच्या गटाचे, आणि दुसरे त्या विशिष्ट जातीचे असते. या दोन पदांपुढे जी संक्षिप्त अक्षरे येतात त्यांकडे बहुतेकांचे दुर्लक्ष होते, परंतु इतिहास त्यांतच साठवलेला असतो. अर्जुन वृक्षाच्या ‘टर्मिनॅलिया अर्जुना’ या नावापुढे रॉक्सबर्ग यांचे नाव संक्षेपाने कंसात लिहितात आणि कंसाबाहेर वाइट व आर्नॉट ही दोन नावे येतात. याचा अर्थ असा की, या वृक्षाला शास्त्रीय नाव प्रथम विल्यम रॉक्सबर्ग यांनी दिले, परंतु त्यांनी तो वेगळ्या प्रजातीत घातला होता, आणि वाइट व आर्नॉट यांनी नंतर त्याला आजच्या प्रजातीत आणले. सीता अशोकाच्या नावापुढेही कंसात रॉक्सबर्गच आढळतात. पाटीच्या शेवटच्या ओळीत मूळ प्रदेश दिलेला असतो आणि ती ओळ वाचली की आपण ज्या झाडाला ‘आपले’ समजत होतो ते दूरदेशीचे असल्याचे अनेकदा ध्यानात येते.

शिबपूर : उपयुक्ततेतून शास्त्राकडे

रॉक्सबर्ग यांचे हे नाव ज्या जागेशी निगडित आहे, ते उद्यान कोलकात्यासमोर हुगळीच्या पश्चिम तीरावर, हावड्यातील शिबपूर येथे आहे. ईस्ट इंडिया कंपनीच्या सैन्यातील अधिकारी रॉबर्ट किड यांनी १७८६ मध्ये त्याची योजना मांडली आणि १७८७ मध्ये ते स्थापन झाले. बंगालमधील १७७०च्या भीषण दुष्काळाच्या आठवणी तेव्हा ताज्या होत्या; म्हणून अडचणीच्या काळात अन्न पुरवतील अशा वनस्पती, जहाजबांधणीसाठी साग आणि व्यापारासाठी मसाल्याची झाडे येथे वाढवावीत, असा किड यांचा आग्रह होता. सागाचे आणि विषुववृत्ताजवळच्या मसाल्यांचे प्रयोग तेथील हवामानात फळले नाहीत, परंतु त्या अपयशानंतरही उद्यान टिकले, याचे श्रेय १७९३ मध्ये अधीक्षक झालेल्या रॉक्सबर्ग यांच्याकडे जाते. ते आले तेव्हा येथे सुमारे ३०० जातींच्या वनस्पती होत्या, तर १८१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या उद्यानाच्या सूचीत हा आकडा सुमारे ३,५०० वर पोहोचला होता. १७९५ मध्ये वेस्ट इंडीजमधून येथे आणलेली महोगनी पुढे भारतातील रस्त्यांच्या कडेला सावली देऊ लागली. रॉक्सबर्ग यांच्यानंतर काही वर्षांनी अधीक्षक झालेल्या नथॅनिएल वॉलिक यांच्या काळात चीनमधून आलेल्या चहाच्या बियांपासून येथे रोपे तयार करून आसाम, हिमालयाचा पायथा आणि निलगिरीकडे पाठवण्यात आली. भारतीय चहाच्या इतिहासात या उद्यानाला जे स्थान आहे ते यामुळे.

शिबपूरच्या सुमारे २७० एकरांच्या परिसरात प्रवासी मुख्यतः जातो तो महावटवृक्षाकडे. वडाच्या फांद्यांतून खाली उतरणाऱ्या मुळांना आपण पारंब्या म्हणतो. त्या जमिनीला टेकल्या की जाड होतात आणि खोडाचे काम करू लागतात. अडीचशेहून अधिक वर्षे वयाच्या या वडाला १८६४ आणि १८६७ च्या चक्रीवादळांनी जखमी केले, त्या जखमांतून बुरशी मूळ खोडात शिरली आणि अखेर १९२५ मध्ये ते खोड कापून काढावे लागले. आज हा वृक्ष मूळ खोडाशिवाय तीन हजारांहून अधिक पारंब्यांवर उभा असून त्याचा पसारा दीड हेक्टरांहून अधिक आहे. १८६४ च्या वादळात उद्यानातील हजाराहून अधिक झाडे पडली होती. १८७१ मध्ये अधीक्षक झालेल्या जॉर्ज किंग यांनी या विध्वंसातून नवी मांडणी केली, तळी खोदली, रस्ते वळणदार केले. आज तेथे जे निसर्गदृश्य वाटते ते असे आखून घडवलेले आहे. १८९० मध्ये भारतीय वनस्पती सर्वेक्षण ही संस्था स्थापन झाली तेव्हा किंग हेच तिचे पहिले संचालक झाले. याच परिसरातील केंद्रीय शुष्क वनस्पतिसंग्रहात, म्हणजे दाबून वाळवलेल्या आणि कागदावर चिकटवून नोंदी केलेल्या नमुन्यांच्या भांडारात, सुमारे वीस लाख नमुने आहेत. २०२० च्या अम्फान वादळाने वडाला आणि अन्य शेकडो वृक्षांना पुन्हा तडाखा दिला. त्यामुळे येथील प्रत्येक जुने झाड हे जतनाच्या अखंड श्रमाचे फळ आहे, याचे भान पाहुण्याने ठेवले पाहिजे.

लालबाग : राजाची हौस, माळ्याचे गणित

शिबपूरचा जन्म कंपनीच्या व्यापारी हिशेबातून झाला, तर बंगळूरच्या लालबागेचा एका राज्यकर्त्याच्या हौसेतून. हैदर अलीने १७६० मध्ये सिरा येथील मुघल वळणाच्या बागेच्या धर्तीवर सुमारे ४० एकरांत ती आरंभली आणि टिपू सुलतानाने देशोदेशीची झाडे आणवून तिचा विस्तार केला. १८५६ मध्ये तिला शासकीय वनस्पती उद्यानाचा दर्जा मिळाला. आज २४० एकरांवर पसरलेल्या या उद्यानातील काचगृहाची पायाभरणी १८८९ मध्ये झाली. लंडनच्या स्फटिक महालाचा आदर्श समोर ठेवून उभारलेल्या या वास्तूत प्रजासत्ताक दिन आणि स्वातंत्र्यदिन यांच्या सुमारास पुष्पप्रदर्शने भरतात. काचगृह उभारले गेले त्या काळात अधीक्षक असलेल्या जॉन कॅमेरॉन यांच्याकडे चायोट या मध्य अमेरिकी फळभाजीच्या प्रसाराचे श्रेय जाते; तमिळ भाषेत तिला आजही ‘बंगळूरचे वांगे’ या अर्थाचे नाव आहे. उद्यानातीलच एका उंचवट्यावर सुमारे ३०० कोटी वर्षे जुना पट्टिताश्म, म्हणजे दाब व उष्णतेमुळे पट्ट्यापट्ट्यांचा झालेला खडक, उघडा पडलेला आहे.

कॅमेरॉन यांच्यानंतर १९०८ मध्ये आलेले गुस्टाव्ह क्रुम्बिगेल हे जर्मन उद्यानतज्ज्ञ त्याआधी बडोद्यात महाराजा सयाजीराव गायकवाड यांच्या सेवेत होते. एका वृक्षाचा बहर ओसरला की दुसरा फुलावा, अशा क्रमाने शहरभर झाडे लावण्याची त्यांची पद्धत बंगळूरला वर्षभर फुलते ठेवणारी ठरली. बारा महिन्यांचे हे गणित ज्याला ठाऊक आहे तो प्रवासी केवळ प्रदर्शनाच्या गर्दीत लालबाग पाहण्याऐवजी आपण आलेल्या महिन्यात कोणता वृक्ष फुलला आहे याचा शोध घेतो, आणि उद्यान पाहण्याची ही अधिक समाधान देणारी रीत आहे.

दापोडी, गणेशखिंड, राणीची बाग

मराठी मुलखातील वनस्पती उद्यानांचा इतिहास याहून कमी महत्त्वाचा नाही. तो कमी सांगितला गेला इतकेच. मुंबईचे गव्हर्नर जॉन माल्कम यांनी १८२८ मध्ये पुण्याजवळ दापोडी येथे शासकीय वनस्पती उद्यान सुरू केले. १८३८ पासून त्याची धुरा वाहणारे डॉ. अलेक्झांडर गिब्सन यांनी जुन्नरजवळ हिवरे येथे औषधी वनस्पतींची लागवड केली. जंगले तुटल्याने झरे आटतात आणि शेती संकटात येते, हे त्यांनी सरकारला परोपरीने समजावले; १८४७ मध्ये ते मुंबई इलाख्याचे पहिले वनसंरक्षक झाले. निकोल डॅल्झेल यांच्यासमवेत त्यांनी सिद्ध केलेला इलाख्यातील वनस्पतींचा ग्रंथ १८६१ मध्ये प्रसिद्ध झाला. दापोडीची जागा पुढे १८७३ च्या गणेशखिंड उद्यानाने घेतली. आंब्याच्या जुन्या वृक्षांसाठी ख्यात असलेले हे उद्यान २०२० मध्ये जैवविविधता वारसा स्थळ म्हणून घोषित झाले.

मुंबईत भायखळ्याची राणीची बाग १९ नोव्हेंबर १८६२ रोजी लोकांना खुली झाली आणि १९६९ पासून ती वीरमाता जिजाबाईंच्या नावाने ओळखली जाते. तिच्या पहिल्या संग्रहाचे मूळ शिवडी येथील कृषी व उद्यानविद्या संस्थेच्या बागेत होते. प्राणिसंग्रहालय नंतर, १८९० च्या सुमारास जोडलेल्या जमिनीवर वाढले. तरीही सामान्य मुंबईकराच्या मनात ही बाग म्हणजे प्राणी पाहण्याची जागा, एवढीच ओळख उरली आहे. वस्तुतः तेथे तीन हजारांहून अधिक वृक्ष असून त्यांत आफ्रिकेतील गोरखचिंच, दक्षिण अमेरिकेतील कैलासपती आणि ब्रह्मदेशातील उर्वशी यांचा समावेश आहे. उर्वशीचे शास्त्रीय नाव ‘अ‍ॅम्हर्स्टिया नोबिलिस’ हे वॉलिक यांनी गव्हर्नर जनरल अ‍ॅम्हर्स्ट यांच्या पत्नी व कन्या यांच्या गौरवार्थ दिले. म्हणजे भायखळ्यातील या एका झाडाची पाटी वाचणारा थेट शिबपूरपर्यंत पोहोचतो. २००७ मध्ये प्राणिसंग्रहालयाच्या पुनर्विकासाचा मोठा आराखडा पुढे आला, तेव्हा वृक्षांना धोका असल्याचे ओळखून नागरिकांनी वर्षानुवर्षे पाठपुरावा केला. झाडांची मोजदाद करून, त्यांची नावे नोंदवून हा लढा दिला गेला, हे विशेष. नाव ठाऊक असलेल्या झाडाचेच रक्षण करता येते, हा त्याचा धडा आहे.

पाटीवर नसलेली नावे

पाटी हा इतिहासाचा दस्तऐवज असला, तरी तो अपुरा दस्तऐवज आहे. रॉक्सबर्ग यांच्यासाठी भारतीय चित्रकारांनी वनस्पतींची अडीच हजारांवर चित्रे काढली, परंतु त्या चित्रकारांपैकी बहुतेकांची नावे कोठेही उरलेली नाहीत. गिब्सन यांच्यासाठी दापोडीच्या वनस्पती रंगवणारा पोर्तुगीज-भारतीय चित्रकारही अनामच राहिला. त्याची चित्रे आज एडिनबरा येथील शाही वनस्पती उद्यानात जपलेली आहेत. याला एक मोलाचा अपवाद आहे. केरळातील वनस्पतींवर डच अधिकारी व्हान रीड यांनी सिद्ध केलेल्या आणि १६७८ ते १६९३ या काळात प्रसिद्ध झालेल्या ‘हॉर्टस मलाबारिकस’ या बारा खंडांच्या ग्रंथात रंगभट, विनायक पंडित आणि अप्पूभट या कोकणी भाषक वैद्यांचे साक्षपत्र नागरी लिपीत, त्यांच्या नावांसह छापलेले आहे. ज्ञान देणाऱ्याचे नाव नोंदवणे सतराव्या शतकात शक्य होते, तर त्यानंतरच्या काळात ते राहून जाण्याला कोणतेही समर्थन नाही. रोपांना पाणी घालणारे, कलमे बांधणारे आणि वादळानंतर पडलेली झाडे उभी करणारे माळी तर कोणत्याच नोंदीत आलेले नाहीत.

म्हणून महाराष्ट्रातील जुन्या उद्यानांच्या बाबतीत एक साधी मागणी करणे उचित ठरेल. तेथील प्रत्येक महत्त्वाच्या वृक्षापाशी मराठीत वाचता येईल अशी पाटी असावी, तिच्यावर झाडाचे स्थानिक नाव, शास्त्रीय नाव, मूळ प्रदेश आणि ज्ञात असेल तेथे लागवडीचे वर्ष या चार गोष्टी असाव्यात, आणि गंजलेली वा पुसट झालेली पाटी बदलणे हे पाणी घालण्याइतकेच नित्याचे काम मानले जावे. दिवाळीच्या सुटीत शिबपूरला किंवा बंगळूरला निघालेल्या वाचकाने तेथे एका सकाळी दहा पाट्या सावकाश वाचाव्यात. आणि परतल्यावर आपल्या गावातल्या बागेत जाऊन तेथील किती झाडांना पाटी आहे हे मोजावे, व जेथे ती नाही तेथे ती लावण्याची विनंती उद्यान विभागाकडे लेखी करावी.